येशील की यावंस

गृहपाठ साधा होता. घरात कुणीतरी बोललेलं, मनातलं किंवा मत सांगणारं एक वाक्य आठवायचं आणि ते स्पॅनिशमध्ये लिहून आणायचं. आमचा वर्ग संध्याकाळी साडेसातला भरतो, लॅपटॉपवर. बाई स्पेनमधल्या ग्रानादाच्या आहेत. त्यांच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात आणि त्यांच्या खिडकीतलं ऊन इतकं पांढरंशुभ्र असतं की इकडे सांगलीत जुलैची झड लागलेली असताना ते बघून डोळे दिपतात. वर्ग संपला तरी मी वही घेऊन तशीच बसून राहिले. पलीकडच्या खोलीत अण्णांचा रेडिओ चालू होता, परसातल्या पत्र्यावर पाऊस एका लयीत वाजत होता, आणि जे वाक्य आपणहून वर आलं ते अण्णांचंच होतं. सहा वर्षांपूर्वीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये, पूर उतरायला लागल्यावर एकदाचा त्यांचा फोन लागला, तेव्हा ते म्हणाले होते, "तू येशील असं वाटलं होतं." मी ते वहीत मराठीत लिहिलं, त्याखाली स्पॅनिश लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला.

येशील म्हणाले होते, की यावंस?

फोन दुसऱ्याच कुणाचा होता. अण्णा तेव्हा सांगलीतच, विश्रामबागेत माझ्या आतेभावाकडे होते, आणि मी पुण्यात, शाळेच्या जिन्यात, एका कानावर हात दाबून उभी. मधल्या सुट्टीतली मुलं खाली-वर धावत होती. खरखर इतकी की शब्दांचे फक्त काठ ऐकू येत होते. 'तू य्… असं वाटलं होतं.' मधली अक्षरं बुडाली. तेव्हा मला त्यांचं काही वाटलं नाही, कारण अर्थ पोचला होता, आणि तो छातीत रुतून बसला होता. पुढे सहा वर्षं ते वाक्य मी तसंच सांभाळलं, मधल्या दोन अक्षरांच्या जागी खरखर असलेलं. मराठीत ते तसं सांभाळता आलं, कारण मराठीत दोन्हीकडे मुख्य क्रियापद एकच आहे, वाटणं. 'तू येशील असं वाटलं होतं' म्हणजे माझा अंदाज होता, तो चुकला. 'तू यावंस असं वाटलं होतं' म्हणजे मला तू हवी होतीस. पहिल्यात बाप हिशेब सांगतो, दुसऱ्यात हात पुढे करतो. आणि हा एवढा मोठा फरक आपण ठेवलाय कुठे, तर गौण वाक्यातल्या क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांत. ती अक्षरं पावसात वाहून गेली तर उरलेलं वाक्य दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं.

स्पॅनिशमध्ये ही सोय नाही. तिथे वाक्याच्या तोंडाशीच ठरवावं लागतं. अंदाज असेल तर 'क्रेईआ के बेंद्रीआस', इच्छा असेल तर 'केरीआ के बिन्येरास'. क्रेईआ आणि केरीआ. म्हणून बघितलं तर ओठांवर दोन्ही जवळजवळ सारखेच वाजतात, एका 'र'ची जागा काय ती बदलते. पण लिहायला बसलं की दोघांतलं एक निवडावंच लागतं, आणि जे निवडलं त्याप्रमाणे मागचं क्रियापदही बदलतं. मी अर्धा तास पेन हातात धरून बसले होते. व्याकरण येत नव्हतं म्हणून नव्हे. व्याकरण येत होतं म्हणूनच.

तीस वर्षांहून अधिक काळ मी मराठी शिकवलं. क्रियापदाचे अर्थ चार: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. दर वर्षी जूनमध्ये नवी मुलं यायची, दर वर्षी मी फळ्यावर हे चार शब्द लिहायचे आणि विध्यर्थापाशी वर्ग नेमका अडखळायचा. कारण विध्यर्थ एकाच वेळी चार कामं करतो. मुलांनी वेळेवर यावं, यात कर्तव्य आहे. बाहेर पाऊस पडत असावा, यात तर्क आहे. ते काम त्यानेच करावं, यात योग्यता आहे. आणि तू यावंस, यात इच्छा. एक मुलगी होती, तिने विचारलं होतं, "बाई, पाऊस पडत असावा म्हणजे तो पडायला हवा असं आहे का?" मी नाही म्हणाले, आणि पुढच्या उदाहरणाकडे गेले. आज ती समोर असती तर तिला थांबवून म्हटलं असतं की तू बरोबर जागी बोट ठेवलंस. जे अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ज्याची शहानिशा झालेली नाही, जे फक्त मनात आहे, ते सगळं मराठीने 'वा'च्या पदरात टाकलंय. तर्क असो की ओढ. स्पॅनिशवाले या कप्प्याला सुबहुंतिवो म्हणतात, आणि माझ्याबरोबर वर्गात असलेली तरुण मुलं त्याच्या नावानेच धसका घेतात. ती इंग्रजीतून स्पॅनिशकडे जातात, आणि इंग्रजीत या कप्प्याची दारं फार पूर्वीच लिंपली गेली आहेत. मला मात्र पहिल्याच दिवशी माहेरी आल्यासारखं झालं होतं.

आणखीही बऱ्याच गोष्टी ओळखीच्या निघाल्या. 'मला आवडतं' हे वाक्य नीट बघा. आवडणारी वस्तू कर्ता आहे, मी नुसती 'मला' आहे. स्पॅनिशमध्येही हुबेहूब तसंच, 'मे गुस्ता'. मला भीती वाटते, 'मे दा म्येदो'. मला लाज वाटते, 'मे दा बेर्ग्वेन्सा'. दोन्ही भाषांत माणूस भावना करत नाही, भावना त्याच्याकडे येते. राग येतो, रडू येतं, आठवण येते. पाहुणा यावा तशी येते आणि आपण उंबऱ्यात उभे असतो. हे वर्गात मी सांगितलं तेव्हा बाईंनी मला 'मला राग येतो' हे तीनदा म्हणायला लावलं, आणि 'येतो'चा अर्थ कळल्यावर त्या खुर्चीत मागे टेकून हसल्या.

एका ठिकाणी मात्र मी बरेच दिवस अडून होते. मत मांडायचं असेल तर नियम सोपा आहे. 'क्रेओ के ब्येने', तो येतो असं मला वाटतं, इथे साधं क्रियापद. त्यालाच नकार दिला, 'नो क्रेओ के बेंगा', की क्रियापद लगेच सुबहुंतिवोत जातं, कारण आता त्या येण्याची हमी कुणी घेत नाही. इच्छेचंही समजतं, जे अजून झालेलं नाही ते मागतोय. पण आनंद? 'मे आलेग्रो दे के आयास बेनिदो', तू आलास याचा मला आनंद झाला. अहो, तो आलाय. समोर उभा आहे, चपला काढतोय. मग त्याचं येणं त्या मनातल्या कप्प्यात का टाकायचं? बाईंनी जे उत्तर दिलं ते मी वहीत मराठीतच उतरवून घेतलं. तू आलास हे त्याला माहीत आहे आणि तुलाही. ती बातमी नाही. ते वाक्य तो आला हे सांगायला उच्चारलेलं नाही; त्याच्या येण्याने मला काय झालं ते सांगायला उच्चारलंय. म्हणून येणं मागे सरतं, सावलीत जातं. त्या रात्री मी मराठी वाक्यं उलटसुलट करत राहिले. 'तू आलास ते बरं झालं.' आपण आधी येणं मांडतो, मग त्याच्या शेजारी 'ते' ठेवतो, पाटावर ठेवल्यासारखं, आणि भावना शेवटी, आवाज उतरता उतरता. स्पॅनिश माणूस आधी हात पसरतो. 'मे आलेग्रो' ऐकलं की पुढे काय येणार हे कळायच्या आधी आनंद आहे एवढं कळून जातं. आपल्याकडे ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. आणि बोलणाऱ्याला शेवटचा तुकडा गिळून टाकायचीही मुभा असते. 'तू आलास…' एवढंच म्हणून माणूस पाणी आणायला आत जाऊ शकतो.

अण्णा जातात.

मी स्पॅनिश शिकायला लागले ती नातवासाठी. मुलगी व्हॅलेन्सियात असते, जावई तिथला. नातू माझ्याशी थोडं मराठी बोलतो, पण भूक लागली, झोप आली, रुसायचं असलं की त्याची जीभ बापाच्या भाषेकडे धावते. गेल्या हिवाळ्यात, चार वर्षांचा झाला तेव्हा, तो पडद्याला नाक लावून म्हणाला, "क्येरो के बेंगास, आब्वेला." तू यावंस असं मला वाटतं, आजी. माझ्या वर्गातली पंचविशीची इंजिनिअर मुलं ज्या 'बेंगास'पाशी घाम पुसतात ते त्याच्या तोंडून दुधाच्या मिशीसकट सहज बाहेर पडलं. तुला यायला जमेल का, वेळ आहे का, तिकीट केवढ्याला पडतं, यातलं काही त्या वाक्यात नव्हतं. त्याला मी हवी होते. मी 'क्रेओ के सी', 'मला वाटतं, हो' असं काहीतरी म्हणाले. इच्छेला मी अंदाजाने उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर खूप वेळ स्वयंपाकघरात उभी होते, भाताचं पाणी आटून गेलं तरी.

पुराचं सांगायला हवं. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. 1929 मध्ये बांधून झालेल्या या पुलाकडे आमची सतत नजर असते. पावसाळ्यात इथे लोक एकमेकांना 'कसं काय' विचारायच्या आधी 'किती फुटावर आलंय' विचारतात. आमचं घर गावभागात. 2005 ला पाणी आमच्या पायरीपर्यंत येऊन माघारी गेलं होतं, आणि अण्णांनी ती पायरीच आपला आकडा मानली होती. त्यापुढे कृष्णामाई येत नाही, असा त्यांचा कौल होता. 2019 ला ती 57 फुटांच्या वर गेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पाणी चढतंय, पलीकडच्या बोळात आलंय म्हणतात. मी विचारलं, "येऊ का?" ते म्हणाले, "कशाला? शाळा आहे तुझी." मी तेवढ्यावर थांबले. आज ते दोन शब्द पुन्हा ऐकते तेव्हा लक्षात येतं की 'येऊ का' हा प्रश्नच असा आहे की त्याला अण्णांसारखा माणूस एकच उत्तर देऊ शकतो. निघालेय, असं म्हणायला हवं होतं. दोन दिवसांनी निघायचं ठरवलं तोवर रस्ते बंद झाले होते. अण्णांना शेजारच्या पोरांनी होडीत घातलं. त्यांच्या मांडीवर देवाची पेटी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चष्मा. हे मला नंतर शेजारणीने सांगितलं, त्यांनी नाही.

मी पोचले तेव्हा पाणी उतरून चार दिवस झाले होते. वास अजून नाकात आहे. भिजून कुजलेलं धान्य, डिझेल, ओला कागद, आणि त्या सगळ्याच्या खाली हळदीचा. बाजारपेठेतली हळद भिजली होती, गाळालाच एक पिवळट झाक होती. भिंतीवर पाण्याची रेघ घड्याळाच्या वर गेली होती. अण्णा परसात उलट्या बादलीवर बसून पितळेची भांडी चिंचेनं घासत होते. मला बघून म्हणाले, "जेवलीस?" मी पदर खोचून त्यांच्या शेजारी बसले. फोनवरचं वाक्य ना त्यांनी काढलं, ना मी. माझी त्यांना लिहिलेली सगळी पत्रं ट्रंकेत होती. ट्रंक उघडली तर आत राखाडी लगदा.

त्यांची मला आलेली पत्रं मात्र पुण्यात होती, म्हणून वाचली. 2022 मध्ये निवृत्त होऊन मी सांगलीला राहायला आले तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती माझ्याबरोबर आली. गृहपाठापाशी अडले त्या रात्री डबा काढला. निळी आंतर्देशीय पत्रं, अण्णांचं दिवाणजीचं बारीक, तिरकं अक्षर. हळदीच्या अडत दुकानात चाळीस वर्षं खतावण्या लिहिलेला हात तो; कागद वाया घालवणं त्याला माहीत नव्हतं. 'चि. हीस अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की' आणि पुढे सगळं पत्र त्या 'की'ला लटकलेलं. 'की' हे स्वरूपबोधक अव्यय असं मी मुलांना शिकवलं; आपल्या वडिलांचं अख्खं बोलणं त्या एका 'की'च्या मागे गौण वाक्य म्हणून उभं आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. मी दिव्याखाली एकेक पत्र उलगडत गेले. दिवाळीस आठ दिवस आधी यावे. गर्दीची गाडी टाळावी. भडंग पाठवले आहे, मैत्रिणींस द्यावे. थंडी आहे, पांघरूण घ्यावे. तब्येतीस जपावे. कळावे. वेळ मिळाल्यास येऊन जावे. पानापानावर 'वे', 'वे', 'वे'. आणि कुठेही 'असे मला वाटते' नाही. एकदाही नाही. मुख्य वाक्य त्यांनी सगळीकडे गाळलं होतं. कुणाला वाटतं, किती वाटतं, हे लिहिलंच नव्हतं, कारण पत्राच्या पाठीवर त्यांचं नाव होतं, तेवढं पुरे होतं.

स्पॅनिशमध्येही असं करतात, हे मला मागच्या वर्षी कळलं होतं. निरोप देताना म्हणतात, 'के ते बाया ब्येन'. तुझं सगळं नीट होवो. आजाऱ्याला म्हणतात, 'के ते मेखोरेस'. बरा हो लवकर. सुरुवातीलाच 'के', म्हणजे आपला 'की'. त्याच्या आधी जे 'मला वाटतं' असायला हवं ते उडून गेलेलं. आणि 'ओहाला'. तो शब्द बाईंनी शिकवला त्या दिवशी मी मुद्दाम शेजारच्या चाचींकडे गेले. त्यांचं माहेर मिरजेचं, तंतुवाद्यं करणाऱ्या घरातलं. स्पेनमध्ये कित्येक शतकं अरबी बोलली गेली, तिच्यातून आलेला हा शब्द. 'अल्लाची इच्छा असेल तर' अशा अरबी बोलण्यातून तो घडला, आणि आज तिथे कुणीही, चर्चला जाणारा, न जाणारा, काही व्हावंसं वाटलं की 'ओहाला' म्हणतो आणि पुढे क्रियापद सुबहुंतिवोतच येतं. चाची भाकरी थापत होत्या. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आमचं इन्शाल्ला तिकडं गेलंय म्हणा की." मग हात थांबवून विचारलं, "पाऊस कमी व्हावा तर काय म्हणायचं?" मी सांगितलं, 'ओहाला पारे दे योबेर'. त्यांनी ते दोनदा म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सियाच्या आसपास पूर आला. मुलगी शहरात राहते. तिथली तुरिया नदी 1957 च्या पुरानंतर शहराच्या दक्षिणेकडून वळवून काढलेली आहे, आणि जुन्या पात्रात आता बाग आहे, नातू तिथेच घसरगुंडी खेळतो. त्यामुळे शहर बरंचसं कोरडं राहिलं आणि नव्या पात्रापलीकडच्या वस्त्या चिखलात गेल्या. दोनशेहून अधिक माणसं गेली. मुलीचा फोन रात्रभर लागत नव्हता. पहाटे लागला. या वेळी मी सांगलीतल्या ओट्याशी उभी होते आणि पाणी तिच्या बाजूला होतं. मी म्हणाले, "मी येते." ती म्हणाली, "आई, कशाला?" तोच शब्द, तोच खाली उतरणारा सूर. दोन दिवसांनी ती शेकडो लोकांबरोबर खांद्यावर झाडू आणि हातात बादली घेऊन पूल ओलांडून पलीकडे गाळ काढायला गेली. तिने सांगितलं, ओळख ना देख, लोक रस्त्यात थांबवून म्हणत होते, 'मे आलेग्रो दे के एस्तेइस ब्येन', तुम्ही सुखरूप आहात, बरं वाटलं. ती रडत होती. मी फोन अण्णांच्या कानाला लावला. त्यांनी तिला एकच विचारलं, "तिथं किती फुटावर आहे?" नात हसली आणि मग तिला आणखी रडू आलं.

गृहपाठाच्या दिवशी मी बाईंना अडचण सांगितली. त्यांनी तिसरा रस्ता सुचवला. 'एस्पेराबा के बिन्येरास' लिही. 'एस्पेरार' म्हणजे आशा धरणं, अपेक्षा करणं, आणि वाट पाहणंही. एका शब्दात तिन्ही. तुझ्या वडिलांना त्यात बसव, म्हणाल्या, आणि तू मोकळी हो. शब्द सुंदर आहे, तो मी वहीच्या समासात लिहून ठेवलाय, आणि 'वाट पाहणं' आणि 'वाटणं' कानाला किती जवळचे लागतात ते बघत बसलेय. पण मला मोकळं व्हायचं नव्हतं. अण्णा त्या दिवशी काय म्हणाले ते मला हवं होतं.

अण्णा आमच्या लहानपणी आम्हाला सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगायचे. जमिनीत खोल खणलेली, वरून चिखलामातीने बंद केलेली, आत पोत्यांनी हळद, वर्षानुवर्षं टिकणारी. 2005 च्या पुराने त्यातली बहुतेक खाल्ली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, असं ते सांगायचे. आतली हवा कोंडलेली असते. उघडून ठेवायचं, बाजूला बसायचं, विडी ओढायची, गप्पा मारायच्या, आणि मग एकाने उतरायचं. मी गृहपाठाची तारीख जाऊ दिली. आठ दिवस थांबले.

रविवारी दुपारी ते पेपर वाचून घडी घालत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पण घडी अजून दुकानातल्या पावत्यांसारखी, कोपऱ्याला कोपरा लावून. मी चहा ठेवला आणि विचारलं, "अण्णा, पुराच्या वेळी विश्रामबागेतनं तुम्ही मला फोन केला होता, आठवतं?"

"केला होता की."

"तेव्हा काय म्हणाला होता? तू येशील असं वाटलं होतं, असं? की यावंस असं?"

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, प्रश्न कळला नाही. पण चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, अक्षराचा फरक त्याला कळतो. त्यांनी घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तू आली नाहीस ते बरं झालं," म्हणाले. "रस्त्यात अडकली असतीस."

आणि चहा उचलला.

संध्याकाळी मी वही उघडली. 'बरं झालं' स्पॅनिशमध्ये दोन तऱ्हांनी जातं. सुटकेचा श्वास असेल तर 'मेनोस माल के नो बिनिस्ते', आणि तिथे क्रियापद साधं राहतं, घडलेली गोष्ट घडलेल्यासारखी. मनापासून आनंद असेल तर 'मे आलेग्रो दे के नो बिन्येरास', आणि क्रियापद पुन्हा त्या सावलीत जातं, जिथे 'तू यावंस' असतं. मी दोन्ही लिहिली. त्याच्या वर जुनी दोन, क्रेईआ आणि केरीआ. चार वाक्यं एकाखाली एक. एकावरही काट मारली नाही. तशीच बाईंना पाठवली, खाली लिहिलं की माझे वडील मराठीत बोलतात.

दिवे गेले होते. अण्णा आरामखुर्चीत, पाय खुर्चीच्या दांड्यावर. म्हणाले, "किती फुटावर आहे बघ बरं." मी फोनवर बघितलं, सव्वीस फूट, सांगितलं. ते खिडकीकडे बघत होते. पत्र्यावरचा पाऊस थोडा विरळ झाला होता, पागोळ्यांचा आवाज वेगळा ऐकू येत होता.

"उघडावा आता," अण्णा म्हणाले.

रेडिओ बंद होता. शेवटचं अक्षर स्वच्छ ऐकू आलं.